धुरातला उजेड

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात रात्री कुजलेली लाकडे हिरवट उजळलेली दिसतात. लहानपणी घरचे आम्हांला त्याची भीती घालत. ती एक बुरशी आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. त्या उजेडाला हात लावला तर पोळत नाही. ओल आहे तोवर तो असतो. रान सुकले की विझतो.

हे आठवण्याचे कारण असे. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी प्लॅस्टिकच्या पातळ थरातून वीज सोडून पिवळट हिरवा उजेड काढल्याचे १९९० साली जाहीर केले. अशा थरापासून वाकणारा पडदा करता येतो. तो जहाजावर आग विझवणाऱ्याच्या बाहीवर बसवावा, अशी कल्पना आहे. कलाशाखेच्या पोराने यात तोंड का घालावे, असे कुणी म्हणेल. पण जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे मुंबईला ओझी वाहायला गेली. माझे पणजोबा त्यांतलेच, गोदीतले हमाल.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके! धोक्याचे लाल निशाण लावलेले नव्हते. बंबवाले पाणी ओतत राहिले, पण धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तेच दिसेना. चार वाजून गेले आणि जहाज फुटले. ६६ अग्निशामक गेले. पणजोबांची त्या दिवशी पाळी नव्हती, म्हणून मी आज हे लिहितो आहे.

हे जुने झाले म्हणावे, तर जुलै २०२४ मध्ये मुंबईच्याच नौदल गोदीत 'आयएनएस ब्रह्मपुत्रा' पेटली आणि एका खलाशाचा जीव गेला.

दाट धुरात बत्तीचा झोत उलटा डोळ्यांवर येतो. बाहीवरचा पडदा मात्र तोंडाजवळ धरून पाहता येईल: कोणता कप्पा तापला, जिना कुठे, खाली काय भरले आहे. काच फुटते, हा हाताबरोबर वाकतो. खोट एक आहे, आणि ती मोठी आहे. आमच्या बुरशीला जगायला ओल लागते. या प्लॅस्टिकला ओल आणि हवा लागली की ते निकामी होते. जहाजावर तर सगळे पाणीच. पक्के आवरण हवे.

माझे म्हणणे मात्र निराळे आहे. त्या पडद्यावर अक्षरांपेक्षा चित्रे असावीत. पणजोबा अंगठा उठवत. पेटीवर काय लिहिले आहे ते न कळता त्यांनी जन्मभर पेट्या उचलल्या. आणि मालाची यादी साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी नळी धरणाऱ्याच्या हातावर उमटली पाहिजे. 'फोर्ट स्टिकिन'च्या पोटात काय आहे, हे जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतेच.