बोटभर कागदासाठी यंत्र भंगारात घालू नका



वादळात धुऱ्यावरची बाभूळ मोडून कपाशीच्या तासांवर आडवी पडते. डवरा घालायचा खोळंबलेला असतो. कुऱ्हाडीने दोन दिवस जातील म्हणून कोणाची तरी जुनी चेन सॉ मागून आणली जाते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. मशीन सुरू होते, उगाच रेस होते आणि फांदीला लावली की बंद पडते. तालुक्याच्या दुकानात नेली की उत्तर तयार असते : "कार्बोरेटर गेला, नवा टाका." मॉडेल जुने असेल तर त्याहून सोपे उत्तर मिळते : "याचे सामान येत नाही, नवी मशीन घ्या."

अशा मशीन आम्ही उघडून पाहिल्या आहेत. कार्बोरेटर गेलेलाच नाही असे पुष्कळदा दिसले. गेलेले असते ते दोन भागांमधले कागदाचे पॅकिंग. बोटभर कागद फाटला, आणि तेवढ्यासाठी शेतकऱ्याने उभे यंत्र भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायचे!

आम्ही शेतकीचे पदवीधर. कॉलेजात कार्बोरेटरची आकृती काढली, भागांना नावे दिली, गुण मिळवले. स्क्रू खोलायला मात्र कोणी सांगितले नाही. ते शिकलो पुढे, बाजारपेठेतल्या एका मिस्त्रीच्या ओट्यावर बसून. जे तिथे शिकलो ते आज लिहितो आहोत.

आधी कागदाचे काम काय ते समजून घेऊ. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि फ्लोट असतो. मशीन आडवी केली की वाटी सांडते. चेन सॉ तर आडवी, उभी, तिरपी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्यात वाटी नसते, रबरासारखे दोन पातळ पडदे असतात. पिस्टन खालीवर होताना इंजिनाच्या पोटातला दाब कमीजास्त होतो. तो दाब एका बारीक भोकातून किंवा नळीतून एका पडद्यापर्यंत येतो आणि तो पडदा टाकीतले पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा सुई उघडतो, मिटतो आणि इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल सोडतो. हा सारा खेळ हवाबंद जागेत चालतो. ती जागा हवाबंद ठेवते ते पॅकिंग.

कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले पॅकिंग फाटले की बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. या मशीनच्या इंजिनाला वेगळे ऑइल नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी झाले की ऑइलही कमी होते. मशीन जोरात पळते, मालकाला वाटते आज झकास चालली आहे. आत मात्र पिस्टन तापतो आणि एक दिवस सिलिंडरला धरतो. म्हणजे कागदाकडे दुर्लक्ष केले तर दुकानदाराचे भाकीत खरे होते, नवे यंत्र घ्यावेच लागते.

हा कागद घरी कापता येतो. गॅस्केटचा कागद स्पेअर पार्टच्या दुकानात तावाने मिळतो. वहीचा पुठ्ठा चालत नाही, तो पेट्रोलने भिजून फुगतो आणि सुटतो. जुन्या पॅकिंगच्या न दबलेल्या जागी जाडी मोजा, ती बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्याच जाडीचा कागद घ्या. सुईच्या बाजूच्या पॅकिंगला जाडीचे महत्त्व जास्त आहे. कागद जाड झाला की पडदा सुईच्या दांडीपासून लांब जातो आणि पेट्रोल कमी सुटते.

काम सुरू करण्याआधी टाकी रिकामी करा, प्लगची वायर काढा. चुलीजवळ बसू नका, विडी दूर ठेवा. खोलताना कोणता भाग कोणावर होता ते कागदावर लिहून घ्या. जुने पॅकिंग खरवडताना पोलादी पाते वापरू नका, अल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून हवा शिरते. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी.

मग कागद त्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबत चोळा. कडा आणि भोके कागदावर उमटतात. हातोडीने कडा ठोकून कागद कापायची सवय लोखंडाच्या इंजिनावर खपते, कार्बोरेटरवर नाही. आधी बोल्टची भोके पोकळ पंचाने पाडा, मग मधले मोठे भोक आणि शेवटी बाहेरची कड कात्रीने कापा. आधी कड कापली तर भोके पाडताना कागद सरकतो.

एक गोष्ट विसरू नका. दाब येणारे ते बारीक भोक अनेक मशीनमध्ये याच पॅकिंगमधून जाते. ते पाडायचे राहिले तर पॅकिंग दिसायला सुबक, पण पेट्रोलचा थेंब वर चढत नाही. दिवसभर दोरी ओढा, मशीन सुरू व्हायची नाही. या चुकीपायी आम्हीही एक दुपार घालवली आहे.

बसवताना सुईच्या बाजूला, म्हणजे मध्ये धातूची टिकली असलेल्या पडद्याच्या बाजूला, आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा. पंपाच्या बाजूला, जिथे जिभा कापलेला पातळ पडदा असतो, तिथे बहुधा उलट : आधी पडदा, मग पॅकिंग. तरी खोलताना लिहून घेतलेला क्रम हाच खरा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. सिलिकॉनची ट्यूब फासू नका, पेट्रोलने ती सुटते आणि तिचे कण जेटमध्ये अडकतात. मशीन सुरू झाल्यावर सांध्यावर ऑइलचे दोन थेंब सोडा. आवाज बदलला तर समजा, सांधा अजून हवा ओढतो आहे.

आता आपल्या कामाची हद्दही सांगितली पाहिजे. पॅकिंग घरी होते, पडदा होत नाही. सायकलची ट्यूब कापून पडदा करू जाल तर मशीन गमवाल. पडदा कडक झाला असेल, हलवल्यावर कागदासारखा वाजत असेल, तर तो विकतच आणावा. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. उसाच्या शेतकऱ्याला इथेनॉलचा चार पैशांचा आधार झाला, त्याला आमचा विरोध नाही. पण जुन्या यंत्राच्या मालकाने पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नये.

कपाशी-ज्वारीच्या सभेत हा कागदाचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात भाव नाही, पाऊस नाही. निदान खर्च तरी त्याच्या हातात राहावा. तिफणीचा फाळ झिजला तर तो गावच्या लोहाराकडून पाजवून आणत होता, फाळ बनवणाऱ्याची परवानगी मागत नव्हता. यंत्र आले आणि ती मोकळीक गेली. फवारणीचा पॉवर पंप घ्या, गवत कापायची मशीन घ्या, तीच गोष्ट. यंत्र आपले, पैसा आपला, पण आत काय आहे ते आपल्याला कळू नये अशी व्यवस्था.

जगात शेतकरी यावर बोलू लागले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारेही होती. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. चांगली गोष्ट आहे. पण संकेतस्थळाने पॅकिंग कापले जात नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. यंत्र विकताना त्याच्या भागांची यादी आणि आकृती मराठीत द्या. पॅकिंग आणि पडदे सुटे विका, अख्खा कार्बोरेटर गळ्यात मारू नका. मॉडेल बंद केले तरी त्याचे सामान काही वर्षे मिळत राहील असे बंधन घाला. आणि शेतकीच्या पोरांना आकृती काढायला लावता, तसा हातात पेचकसही द्या.

हे मागत असताना हात बांधून बसायचे नाही. पुढच्या बैठकीला येताना बंद पडलेली चेन सॉ, पॉवर पंप, जे असेल ते घेऊन या. कागदाचा ताव, पंच आणि कात्री आम्ही आणतो. गावातला एखादा मिस्त्री, शिकाऊ पोरगा, यंत्राची आवड असलेली लेक, सून बरोबर आणा. प्रत्येक गावात पॅकिंग कापणारे दोन हात तयार झाले, तरी "सामान येत नाही" एवढ्या एका वाक्यावर कोणाला आपले यंत्र भंगारात काढता येणार नाही.