‘शारदा’ पाहून रडलात. आता वय विचारा!

गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. माधवनगरहून निघून सांगली ओलांडली की हरिपूर आलेच. या माणसाने १८९९ साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले आणि पैशाच्या लोभाने पोटची पोर शारदा म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा कांचनभट भर नाट्यगृहात उघडा पाडला. असली लग्ने तेव्हा राजरोस लागत, पंगती उठत. त्याच पंगतीतल्या माणसांना देवलांनी शारदेच्या जागी उभे केले. बालविवाहाला बंदी करणारा कायदा १९२९चा. तो एका नाटकाने आणला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच्या ३० वर्षे आधी मराठी बापाला लाज वाटायला लावली ती या लेखणीने!

कुठे गेली ती लाज? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधीच झालेली आढळली. त्यामागचे एक कारण उसाच्या फडात आहे. हंगामात आपल्या डोळ्यांदेखत उसाच्या ट्रॉल्या जातात. तो ऊस तोडणाऱ्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम कारखान्याच्या पैशातून आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या पोराला उचल कमी, म्हणून हंगामाच्या तोंडावर १४-१५ वर्षांची मुलगी बोहल्यावर चढते. शिवाय आईबाप सहा-सहा महिने फडात. वयात आलेली लेक गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? ही भीती खरी आहे. या आईबापांना कांचनभट ठरवून हात झटकणे हा शुद्ध निर्दयपणा होय. आजचा कांचनभट म्हणजे जोडी मोजणारी आणि वय न विचारणारी ही व्यवस्था, आणि तिची साखर आपल्या सगळ्यांच्या घरात आहे!

आम्ही वर्तमानपत्रवालेही यातून सुटत नाही. गाळप, उतारा, एफआरपी (उसाचा किमान दर) यांचे आकडे आम्ही नेमाने छापतो. भल्या पहाटे खोपीत भाकऱ्या थापून, पोट पुढे आलेले असताना मोळी डोक्यावर घेणाऱ्या मुलीचे वय आम्ही छापत नाही.

माधवनगरकरांनो, शिवारात टोळी उतरली की खोपीपर्यंत जा. त्या मुलीशी बोला, तिची हकीकत लिहा. नाव झाका, वय झाकू नका. उचल देताना वयाचा दाखला का पाहिला नाही, हे कारखान्याला लेखी विचारा. खेड्यात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. असे लग्न ठरल्याचे कानावर येताच त्याला अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याच क्षणी १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवा.