केसपेपर रुग्णाचा आहे: तीस दिवसांचा जाहीर इशारा

वसई-विरार शहर महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, हद्दीतली सरकारी आणि खासगी रुग्णालयं, नर्सिंग होम, लॅब आणि रुग्णांचे कागद मागायला येणारे सगळे अधिकारी यांना आम्ही इथले रुग्ण आणि रुग्णांचे नातेवाईक हा जाहीर इशारा देत आहोत. रुग्णांच्या नोंदी बाहेर फुटण्याच्या वाटा तीस दिवसांत बंद करा. एकतिसाव्या दिवशी आम्ही विनंत्या करत बसणार नाही.

२०२० साल आम्ही विसरलेलो नाही. राज्यभर हातांवर होम क्वारंटाइनचे शिक्के बसले आणि कोविड पॉझिटिव्ह रुग्णांच्या याद्या नाव-पत्त्यासकट व्हॉट्सॲपवर फिरल्या. आमच्या इमारतीच्या ग्रुपवरही एका शेजाऱ्याचं नाव, मजला आणि मोबाइल नंबर आला. यादी कुणाच्या हातून सुटली, ते आजवर कुणी सांगितलं नाही. शेजारी बरा होऊन परतला तेव्हा कामवाल्या बाईंनी काम सोडलं होतं आणि जिन्यात त्याच्या मुलाशी कुणी बोलत नव्हतं.

साथ गेली, ढिलाई राहिली. आजही अनेक ठिकाणी केसपेपरच्या खिडकीवर आजार मोठ्यानं विचारला जातो, रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, रिपोर्टचे फोटो कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवरून पुढे जातात. ओळखीच्या माणसाला फोनवर दुसऱ्याचा रिपोर्ट कळतो आणि स्वतःचे कागद मागणारा रुग्ण खेटे घालतो. डॉक्टरांसाठीची २००२ची आचारसंहिता सांगते की रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्यात आणि उपचारांदरम्यान कळलेली त्याची गुपितं फोडू नयेत. इथे दोन्ही उलटं चाललं आहे.

याची किंमत कोण मोजतं? नालासोपारा पूर्वेच्या चाळीत अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या कामगाराला टीबी झाल्याचं घरमालकाला कळलं, तर खोली जाते. वालीवच्या गाळ्यात कळलं, तर काम जातं. म्हणून तो महापालिकेचा दवाखाना टाळतो आणि गल्लीतल्या पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’कडे जातो. अर्धवट औषधं घेतो आणि औषधांना दाद न देणारा टीबी घरी नेतो. गुप्तता मोडली की साथ आवरत नाही, पसरते.

आम्ही सरकारने आजार मोजण्याच्या विरोधात नाही. टीबीची नोंद सरकारला कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. ‘निक्षय’ या टीबीच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदीमुळे रुग्णाला मोफत औषध आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. पण आजार मोजण्याचा अधिकार म्हणजे रुग्णाची ओळख चव्हाट्यावर आणण्याचा परवाना नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि गरजेपुरतीच माहिती घ्यायला हवी.

एचआयव्हीबाबत २०१७चा कायदा आणखी कडक आहे: रुग्णाची संमती किंवा न्यायालयाचा आदेश, एरवी बहुतेक प्रसंगी तोंड बंद. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचं नाव कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणाला सांगितलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना तपासासाठी कागद लागतात, हे मान्य. त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये लेखी आदेशाची वाट आहे. तोंडी हुकमावर रजिस्टर उघडणारा डॉक्टर आणि तसा हुकूम देणारा अधिकारी, दोघंही चुकतात.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली आहे आणि सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोयही त्यात आहे. म्हणून तोवर रान मोकळं आहे, असं कुणी समजू नये. वर सांगितलेले कायदे आजही लागू आहेत.

आमच्या मागण्या या:

१. पोलीस किंवा अन्य कुठल्याही खात्याने मागितलेली माहिती लेखी आदेशावरच द्यावी. अधिकाऱ्याचं नाव, कलम, तारीख आणि दिलेल्या कागदांची नोंद ठेवावी आणि तपासाला बाधा येत नसेल तिथे रुग्णाला ती दाखवावी.

२. रुग्णांच्या याद्या आणि रिपोर्ट खासगी मोबाइलवर ठेवायला आणि पाठवायला लेखी बंदी घालावी.

३. आभा हा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नसला तरी उपचार मिळतील, असा फलक प्रत्येक केसपेपर खिडकीवर मराठीत आणि हिंदीत लावावा.

४. नर्सिंग होमची नोंदणी महापालिका करते. रुग्ण हक्कांची सनद कुठे लावली आहे आणि कुठे नाही, हे तिने तपासून जाहीर करावं.

५. गुप्ततेच्या तक्रारींसाठी एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि फोन नंबर नऊही प्रभाग कार्यालयांत लावावा.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. फलक, वही आणि सहीचा आदेश पुरे आहेत.

तीस दिवसांत हे झालं नाही, तर प्रत्येक प्रभागातून माहिती अधिकाराचे अर्ज जातील. आम्ही रुग्णांची नावं मागणार नाही. तुमचे आदेश आणि नियम मागू, आणि ते नसतील तर तसं लेखी घेऊ. गुपित फोडणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रारी होतील. विरारला महापालिका मुख्यालयासमोर आम्ही शांततेने बसू, आणि तरीही जाग आली नाही तर मुंबई उच्च न्यायालयात जाऊ. या तालुक्याने हिरव्या पट्ट्यासाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरून लढे दिले आहेत. हाही लढा देता येईल.

रुग्णांनाही सांगणं आहे: न वाचलेल्या संमतीपत्रावर सही करू नका. तुमचे कागद कुणी मागितले, कुणाला दिले, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. आजार झाला हा तुमचा गुन्हा नाही. तो तुमच्या परवानगीशिवाय आणि कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला सांगणं हा मात्र अपराध आहे, आणि यापुढे तो आम्ही मुकाट्याने सोसणार नाही.