ग्रुप म्हणजे गाव नव्हे

सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींनो आणि तरुण मित्रांनो,

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी गेली सहा वर्षं अ‍ॅडमिन आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्रक. मुद्दाम कागदावर छापून घरोघर देतोय, कारण ज्यांच्या हातात फोन नाही त्यांच्याशीही मला बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. एक माणूस पोराला ओढत नेतोय आणि खाली लिहिलंय, 'आपल्या बाजारातली कालची घटना, सावध रहा.' मी धार काढून नुकताच घरात आलो होतो. व्हिडिओ तीनदा पाहिला. मागच्या दुकानाची पाटी तेलुगूत होती. आदल्या दिवशी बुधवार होता आणि आपला बाजार भरतो शनिवारी. एवढं उघड दिसत असूनही सातच्या सुमारास आठ-दहा पोरं काठ्या घेऊन ओढ्याकडे निघाली. तिथे भांडी विकणाऱ्या एका कुटुंबाने पाल टाकलं होतं. दूध डेअरीपाशी दोन वडीलधाऱ्यांनी पोरांना अडवलं, उलट विचारलं, घरी पाठवलं. मी नंतर पालाकडे गेलो तेव्हा त्या घरची बाई भाकरी थापत होती. आपल्या दारात काय येऊन परत गेलं याचा तिला पत्ताही नव्हता.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असं अडवणारं कुणी पुरं पडलं नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच फोनवरून परिसरात फिरत होती. जमावाने त्या पाच जणांना ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. जिथे आपण दाखले घ्यायला जातो तसल्याच एका खोलीत. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा होता. त्यात मुलाला उचलून नेणारे मोटारसायकलवाले त्याला परत आणून सोडतात, तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्याच १ जुलैला मालेगावातही जमावाने एका बाहेरगावच्या कुटुंबाला घेरलं. तिथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस येईपर्यंत सांभाळलं, आणि ती माणसं वाचली. अफवा दोन्हीकडे होती. मालेगावात एका माणसाने आपलं दार उघडलं.

तुम्ही म्हणाल, याचा निवडणुकीशी काय संबंध? अहो, फार जवळचा आहे. जी सवय पालावर काठ्या नेते, तीच आपलं मत ठरवायला लागली आहे.

ग्रुपवर चारशेच्या वर लोक आहेत. रोज लिहिणारे पंधरा-वीस. बाकीचे वाचतात आणि गप्प बसतात. कुणाला भावकीत वाकडं नको असतं, कुणाचा ऊस त्याच माणसाच्या ट्रॅक्टरने जायचा असतो. पण त्या पंधरा-वीस जणांचं बोलणं दिवसभर डोळ्यांसमोरून जातं आणि आपल्याला वाटतं, अख्खं गाव असंच म्हणतंय. पॅनेलवाल्यांनाही तेच वाटतं. मग ते पाण्याच्या टाकीचं, शाळेच्या गळक्या खोलीचं बोलायचं सोडून औरंगजेबाचं बोलू लागतात. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण आपल्या ग्रुपवर बायकांचे नंबर हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. उद्याच्या सरपंचबाईंना गावातल्या बायका काय म्हणतात हे ग्रुपवरून कधीच कळणार नाही.

पूर्वी उमेदवार दारात यायचा. ओट्यावर बसलेली म्हातारी त्याला तोंडावर विचारायची, 'मागल्या खेपेला गटारीचं म्हणाला होतास, त्याचं काय?' त्याला उत्तर द्यावं लागायचं, निदान मान खाली घालावी लागायची. पहाटे आलेल्या फॉरवर्डला असं कोण विचारणार? तो कुणी लिहिला, कोणत्या गावात, कुणाकडून पैसे घेऊन, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. राईनपाड्याच्या प्रकारानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल असं बंधन घातलं. फार हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर आता दोन बाण दिसतात, आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तेवढ्या दोन बाणांकडे तरी बघत जा.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, तुमची मला जास्त काळजी आहे. पहाटे चारला उठून तुम्ही डांबरी रस्त्यावर धावता ते मी रोज पाहतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या मोबाइल स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. अशा प्रकरणात एकदा गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी तिथेच अडते. स्टेटस चोवीस तासांत जातं, गुन्ह्याची नोंद जात नाही. ज्याने मूळ चित्र बनवून पाठवलं तो जामिनाला येत नाही; आई-बाप येतात, सातबारा घेऊन.

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं आहे. कायद्याने मी मोकळा आहे. मला तसं मोकळं व्हायचं नाही. म्हणून मतमोजणी होईपर्यंत मी एक नियम पाळणार आहे आणि तुम्हीही पाळावा अशी हात जोडून विनंती करतो. निवडणुकीचा, जातीचा, धर्माचा किंवा कुणाच्या चारित्र्याचा मजकूर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, हे मी ग्रामसभेत उभा राहून, माझं नाव इतिवृत्तात लिहून घेऊन बोलेन का? बोलणार असाल तर स्वतःच्या शब्दांत लिहा, खाली नाव घाला. माझ्या विरोधात असलं तरी मी ते काढणार नाही. नाव नसलेला उसना मजकूर मात्र काढून टाकीन, मग तो माझ्या सख्ख्या पुतण्याने टाकलेला असो.

आणि ग्रामसभेला या. वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमत नाहीत म्हणून आपली सभा तहकूब होते, आणि त्याच रात्री ग्रुपवर दोनशे मेसेज पडतात.

येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर दोन्ही पॅनेलच्या उमेदवारांना बोलावलं आहे. दोघांनीही येतो म्हटलंय. पाणी, शाळा, स्मशानभूमीचा रस्ता, जे विचारायचं ते तोंडावर विचारा. बायकांसाठी पुढच्या सतरंज्या राखून ठेवल्या आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांना धरून आणा. पावसाची चिन्हं दिसली तर शाळेच्या व्हरांड्यात बसू.

आपला,
ग्रुपचा अ‍ॅडमिन