परकीय भाषा अर्ध्यावर का सोडावी?

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्रापुढे प्रवाशांची नेहमीच गर्दी असते. सुमारे २७ मीटर उंचीच्या या यंत्राची सावली आजही वेळ सांगते. सवाई जयसिंगाच्या या वेधशाळेला दगडचुन्याबरोबर एका परकीय भाषेचाही आधार होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती भाषा अरबी. जयसिंगाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय घराण्यातले संस्कृत पंडित. राजाच्या इच्छेवरून ते अरबी आणि फारसी शिकले. टॉलेमीचे खगोलशास्त्र आणि युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणली. त्यांचा ‘रेखागणित’ हा ग्रंथ म्हणजे युक्लिडचेच संस्कृत रूप होय.

चार वाक्ये बोलण्यापुरती अरबी शिकून हे काम झाले नसते. भूमितीतील सिद्धता वाचताना वाक्याचा एकेक सांधा कळावा लागतो. पुढे जयसिंगाने पोर्तुगालला माणसे पाठवली. त्यांच्यामार्फत फ्रेंच ज्योतिर्विद द ला ईर याचे लॅटिन कोष्टकग्रंथ जयपुरात आले. त्यातील आकडे आकाशाशी ताडून पाहता आले, चंद्राच्या स्थानातील फरकही सापडला. परंतु ग्रंथ समजून घेण्यासाठी युरोपियनांचे साहाय्य घ्यावे लागले. लॅटिनला जगन्नाथ मिळाला नाही.

आजच्या शाळांत काय घडते? जयपूर असो वा पुणे, अनेक खाजगी शाळांत सहावीला फ्रेंच किंवा जर्मन सुरू होते आणि आठवीनंतर, फार तर दहावीनंतर संपते. तोवर मुलांना अभिवादन, आकडे, घरातील वस्तूंची नावे आणि क्रियापदांची रूपे येतात. साधी गोष्ट वाचून तिच्यात रमण्याची वेळ येते, आणि नेमका तेथेच विषय सुटतो. अकरावीला काही जण ही भाषा पुन्हा घेतात, पण पुष्कळदा गुणांची बेरीज वाढावी म्हणून! तीन वर्षांचे श्रम असे वाया घालवण्यापेक्षा आरंभच न केलेला बरा.

पालकांची अडचण खोटी नाही. दहावीनंतर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची टांगती तलवार असते. जयपुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलावर तर घरची मराठी, शाळेतली हिंदी आणि इंग्रजी असा भार आधीच असतो. त्यात आणखी एक भाषा कशाला? ज्याला गोडी नाही, त्याच्यावर ती लादू नये हे खरे. मराठीचा तास काढून जर्मनला देणे तर सर्वस्वी अनुचित होय. परंतु ज्याला गोडी लागली आहे, त्याची वाट शाळेनेच बंद करावी का?

२०११ साली केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा करार झाला. २०१४ च्या नोव्हेंबरात, वर्ष निम्मे सरल्यावर, तिच्या जागी संस्कृत किंवा अन्य भारतीय भाषा आणण्याचे ठरले. संस्कृत शिकवण्यास कोणाचीच हरकत नसावी. पण तीन-तीन वर्षे शिकलेल्या मुलांचे पुढे काय, याचा विचार त्या वादात मागे पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषांची सोय सुचवली आहे आणि तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असाव्यात असेही म्हटले आहे. ही विभागणी रास्त आहे.

जयपूरचे काही वाटाडे ऐकून ऐकून फ्रेंच, स्पॅनिश बोलू लागतात आणि त्यावर घर चालवतात. त्यांच्या कानाचे कौतुकच करावे. पण परदेशी ग्राहकाचे पत्र आले, करारनामा आला, की तो वाचून दाखवायला दुसरा माणूस शोधावा लागतो. जौहरी बाजारातील रत्नांचा व्यापार तर दूरदेशांशी चालतो. तेथील दुकानदाराच्या मुलाला उच्च माध्यमिक वर्गात दोन वर्षे व्यापारी पत्रव्यवहार आणि सोपे गद्य शिकता आले, तर दुभाष्याची गरज पडणार नाही.

अकरावी-बारावीत अशी मुले थोडीच असतील. एका शाळेत चार, दुसरीत सहा. प्रत्येक शाळेला शिक्षक परवडणार नाही. मग चार शाळांनी मिळून शनिवारी दुपारी एकच वर्ग चालवावा आणि त्याचे गुण चारही शाळांनी मानावेत. याला नवी इमारत लागत नाही; मुख्याध्यापकांनी एकदा एकत्र बसून वेळापत्रक जुळवावे लागते.