खुर्ची सोडणाऱ्यास हंसूं नका

मुंबईची कचेरी सोडून नांदगांवास परत येतों, वडिलांच्या वरकस जमिनींत काजू लावतों, असें एखादा पोर म्हणाला कीं गांव हंसतें. “शिकान काय केलंस? नांगरच धरूचो होतो तर मुंबयक कित्याक गेलंस?” आणि हे हंसणारे कोण? नांगर धरणारेच! घाम गाळणाराच घामाची लाज बाळगूं लागला, यापरती गुलामगिरी ती कोणती?

ही लाज आमच्या घरची नव्हे. लेखणीबहाद्दरांनीं ती आम्हांस शिकविली. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें होतें कीं, नांगराची मूठ अगर सुताराची तासणी धरण्याची ज्यास लाज वाटत नाहीं असा शिक्षक आमच्या मुलांस द्या, आणि शाळेंत शेतीचेही धडे ठेवा. त्यास दीडशें वर्षें होत आलीं. शिक्षक आमच्यांतलेही झाले. पण धडा जुनाच! “अभ्यास कर, नाहींतर गुरें राखशील!” गुरें राखणें ही शिक्षा आणि कारकुनी हें बक्षीस!

बक्षिसाचा भरंवसा तरी किती? १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारों कामगार कायमचे बेकार झाले; त्यांत आमचा कोंकणी चाकरमानी थोडा नव्हता. तेव्हां गांवची जमीन हाच आधार उरला. आज ती पडीक पडली म्हणजे दलाल दारांत उभा राहतो. मग कुदळ आमच्या भावाच्या हातीं, आणि ‘मी शेतकरी झालों’ ही प्रौढी बंगलेवाल्याची!

परंतु परत येऊं पाहणाऱ्या बंधूंनो, हुरळूनही जाऊं नका. काजूचें कलम तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ धरूं लागतें; हापूस पांच-सहा वर्षें वाट पाहावयास लावतो. तोंवर चूल कशावर पेटेल याचा हिशेब आधीं करा, राजीनामा मागाहून लिहा. कांतळावर पावसाळ्यांत धो धो पडतें, आणि मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो. पहिले दोन उन्हाळे कलमांस पाणी कोण घालणार? वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत जाऊन वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती डोळ्यांनीं पाहा. कारकुनी शिकलांत तसेंच हेंही शिका.

खरी गांठ मात्र सातबाऱ्यावर आहे. एका गटावर काके, चुलते, आत्या मिळून वीस-वीस नांवें! एकानें झाड लावावें, दुसऱ्यानें हरकत घ्यावी. जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ८५ प्रमाणें तहसीलदाराकडून वाटप करून घेतां येतें. पण भावकी एकत्र बसेल तर! आणि बहिणींचीं नांवें गाळून वाटप करूं नका. २००५ च्या कायद्यानें वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. दुसऱ्याच्या जुलमाविरुद्ध ओरडायचें आणि घरांत तोच करायचा, हें आम्हांस मान्य नाहीं.

मे महिन्यांत चाकरमानी गांवीं येतात. ज्या घरचा पोर परत यायचें म्हणतो आहे, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं तेव्हांच ओटीवर सगळ्यांस बसवावें व सातबारा पुढ्यांत घ्यावा.