दोन बहिणी आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका



गेल्या पंधरवड्यात एका आईचं पत्र आलं. त्यांची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आवाज चांगला, वर्गातल्या चौघांनी मिळून बँड काढलाय, त्यात ही इंग्रजी गाणी म्हणते. स्नेहसंमेलनात गायली, टाळ्या मिळाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी तिचा फोटो घाणेरड्या मजकुरासकट मोबाइलवरून गावभर पाठवला. पोर दोन दिवस धड जेवली नाही. घरातली वडील मंडळी म्हणतात, "झालं तेवढं पुरे, आता गाणं बंद." आई विचारतात, "मी काय करू? आणि हे जे रॉक का काय म्हणतात, त्यात चांगल्या घरच्या मुली असतात का हो?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर देता देता पहिल्याचंही सापडेल.

रॉक म्हटलं की आपल्याला आधी ढणढणाट आठवतो. पण त्यात एक प्रकार असा आहे की गिटार आणि ड्रम्स कितीही जोरात असोत, चाल हातची सुटत नाही. एकदा ऐकली की भाजी निवडतानासुद्धा गुणगुणता येते. आमटीत तिखट भरपूर आहे, पण गुळाचा खडा घालायला बाई विसरलेली नाही, असं समजा. याला 'मेलॉडिक रॉक' म्हणतात. या प्रकारात नाव काढलेला अमेरिकेतला एक बँड म्हणजे 'हार्ट'. त्याच्या केंद्रस्थानी आहेत दोन सख्ख्या बहिणी, अ‍ॅन विल्सन आणि नॅन्सी विल्सन. अ‍ॅनचा जन्म १९५० चा, नॅन्सीचा १९५४ चा. अ‍ॅन गाते, नॅन्सी गिटार वाजवते आणि गातेही.

घर कसलं म्हणाल, तर वडील सैन्यात अधिकारी. बदल्यांमागून बदल्या, आज इथे तर उद्या तिथे. अखेर सिअ‍ॅटल शहराजवळ बेलव्ह्यू इथे बिऱ्हाड स्थिरावलं. अ‍ॅन लहानपणी बोलताना अडखळायची. बाराव्या वर्षी आजारपणामुळे तिची शाळा बुडाली. घरी पडल्या पडल्या पोरीचं मन रमावं म्हणून आईने तिला गिटार आणून दिली. धाकटीने ती कधी उचलली, हे मोठीला कळलंसुद्धा नसेल! बोलताना अडणारी ही मुलगी गाताना अडत नसे. तेव्हा, चांगल्या घरच्या मुली असतात का? असतात हो. अगदी तुमच्याआमच्या घरासारख्या घरच्या.

पुढे अ‍ॅनचं माइक फिशर नावाच्या तरुणावर मन बसलं. व्हिएतनामच्या युद्धासाठी होणारी सक्तीची भरती टाळून तो कॅनडात गेला होता. ही त्याच्यामागे व्हँकुव्हरला गेली. बँडही तिथेच उभा राहिला, आणि १९७४ मध्ये नॅन्सी येऊन मिळाली. पहिली ध्वनिमुद्रिका 'ड्रीमबोट अ‍ॅनी' १९७५ मध्ये कॅनडात निघाली, १९७६ मध्ये अमेरिकेत. व्हँकुव्हरच्या एका छोट्या कंपनीने ती काढली आणि अमेरिकेत तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. शीर्षकगीताची चाल या एकाच ध्वनिमुद्रिकेत तीनदा येते, कीर्तनात ध्रुपद परतून यावं तशी. 'क्रेझी ऑन यू' हे गाणं सुरू होतं ते नॅन्सीच्या विजेशिवाय वाजणाऱ्या साध्या गिटारीवर. एकटी मुलगी, एकटी गिटार, आणि मग सगळा बँड तिच्यामागे धावत येतो. आणि 'मॅजिक मॅन' आया-लेकींनी एकत्र बसून ऐकावं असं. प्रेमापायी घर सोडून गेलेली मुलगी, आणि परत ये म्हणून आळवणारी तिची आई. हे अ‍ॅनचंच स्वतःचं. आईची बाजू तिने गाण्यातून वगळली नाही, हे मला फार आवडतं.

आता नीट ऐका हं, कारण पत्रातल्या मुलीची गोष्ट इथे सुरू होते.

'ड्रीमबोट अ‍ॅनी'च्या वेष्टनावर दोघी बहिणी पाठीला पाठ लावून आहेत, खांदे उघडे. छायाचित्र तसं साधंच. पण कंपनीने खप वाढवायला त्याच छायाचित्राची जाहिरात केली, ती चव्हाट्यावरच्या सनसनाटी वर्तमानपत्राच्या थाटात. या दोघींचे आपसात बहिणीपलीकडचे संबंध आहेत, असा गलिच्छ अर्थ निघेल असा मथळा वर. बहिणींना कुणी विचारलंही नव्हतं. पुढे एका कार्यक्रमानंतर एक माणूस अ‍ॅनजवळ आला आणि तुमचं प्रेमपात्र कसं आहे, असं विचारू लागला. तिला वाटलं माइकबद्दल विचारतोय. मग लक्षात आलं, तो सख्ख्या बहिणीबद्दल बोलत होता.

आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला असं आलं, तर आपण काय करू? रडू. दार लावून बसू. उद्यापासून जायचं नाही असं ठरवू. अ‍ॅन हॉटेलच्या खोलीवर गेली आणि त्याच संतापात तिने एका गाण्याचे शब्द लिहून काढले. ते गाणं म्हणजे 'बॅराकुडा'. बॅराकुडा हा टोकदार दातांचा, दबा धरून शिकार करणारा समुद्रातला मासा. गाण्याच्या धंद्यातल्या त्या माणसांना तिने दिलेलं हे नाव! गिटार अशी दौडत येते की ऐकणाऱ्याने बाजूलाच व्हावं. शिवी एकही नाही. जगभर लोक ते गाणं अजून ऐकतात. ती जाहिरात मात्र लोकांना आठवते ती या गाण्यामुळेच.

'बॅराकुडा' आलं १९७७ च्या 'लिटल क्वीन' या ध्वनिमुद्रिकेत. ती दुसऱ्या कंपनीने काढली. वेष्टनावर अख्खा बँड जुन्या काळच्या भटक्या नाटकमंडळींसारखा नटून उभा आहे.

जुन्या कंपनीशी मग भांडण जुंपलं. करारातली दुसरी ध्वनिमुद्रिका तिला हवी होती. तिने अर्धवट राहिलेली आणि कार्यक्रमात टिपलेली गाणी एकत्र करून 'मॅगझिन' नावाने बाजारात आणली. न शिजलेला भात पानात वाढावा तसं. बहिणी न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने विक्रीतल्या प्रती मागे घ्यायला लावल्या. पण करार म्हणजे करार. ती ध्वनिमुद्रिका नीट करून द्या, असंही बँडला सांगण्यात आलं. त्यांनी गाणी पुन्हा हाताखालून घातली आणि १९७८ मध्ये 'मॅगझिन' नव्याने निघालं. सही करण्याआधी कागद वाचावा, दोनदा वाचावा, हे या प्रकरणातून आपणही शिकावं. मग तो करार गाण्याचा असो, घरभाड्याचा असो, नाहीतर भिशीचा.

त्याच वर्षी आली माझी सर्वांत आवडती 'डॉग अँड बटरफ्लाय', म्हणजे कुत्रा आणि फुलपाखरू. अंगणात कुत्रा फुलपाखरामागे धावतोय, पडतोय, पुन्हा धावतोय, हे अ‍ॅनने पाहिलं आणि त्यातून शीर्षकगीत झालं. या तबकडीची एक बाजू कुत्र्याची, दांडगी. दुसरी फुलपाखराची, बहुतेक हळुवार. बाई म्हणजे एक तर तडफदार, नाहीतर नाजूक, असं जे आपल्याला ऐकवलं जातं ना, त्याला हे उत्तर आहे. तबकडी एकच असते, बाजू दोन असतात. शब्द लिहायला दोघींच्या जोडीला स्यू एनिस ही मैत्रीणही होती. बहिणी आणि एक जिवाभावाची मैत्रीण, एवढं भांडवल पुष्कळ झालं.

१९८० ची 'बेबे ल स्ट्रेंज' चांगली खपली, मग मात्र उतार लागला. १९८२ आणि १९८३ च्या ध्वनिमुद्रिका फारशा चालल्या नाहीत. तेव्हा पुन्हा नवी कंपनी आली आणि तिने अटी घातल्या. गाणी बाहेरच्या गीतकारांची घ्या, केस फुगवा, कपडे घट्ट घाला. १९८५ ची 'हार्ट' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि पन्नास लाखांवर खपली. त्यातलं 'दीज ड्रीम्स' नॅन्सीने गायलं. सर्दीने बसलेल्या तिच्या घोगऱ्या आवाजात ते असं उमटलं की १९८६ मध्ये बँडचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं ठरलं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेली एक तरुण चाहती त्या दिवसांत स्टुडिओत येऊन बसायची. ते गाणं तिच्या स्मृतीला वाहिलं आहे. १९८७ च्या 'बॅड अ‍ॅनिमल्स'मधलं 'अलोन' तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. अ‍ॅनचा आवाज किती उंच चढू शकतो ते त्यात कळतं.

पण यशाच्या त्याच वर्षांत अ‍ॅनचं वजन वाढलं होतं. मग चित्रफितींमध्ये कॅमेरा धाकटीवरच जास्त. मोठीचा नुसता चेहरा, तोही अंधारातून, धुरातून. कोट्यवधी लोकांना जिचा आवाज हवा होता, तिचं अंग मात्र लपवायचं! अ‍ॅनला रंगमंचावर भीतीचे झटके येऊ लागले, हे तिनेच पुढे सांगितलं आहे. लग्नाच्या फोटोत "तू जरा मागे उभी राहा गं" असं ज्यांना म्हटलं गेलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. एकदा बदनामी करून चित्र विकलं, एकदा लपवून विकलं. दोन्ही वेळा ते चित्र दुसऱ्याने काढलेलं होतं.

मग या दोघींनी काय केलं? हळूहळू आपल्या गाण्यांकडे परतल्या. १९९० नंतर नॅन्सी काही वर्षं बाजूला झाली, तिला २००० मध्ये जुळे मुलगे झाले. अ‍ॅनने दोन मुलं दत्तक घेतली. २०१० ची 'रेड व्हेल्व्हेट कार' वीस वर्षांनी पुन्हा अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गेली. २०१३ मध्ये रॉक संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा समावेश झाला. घरात सगळं गोडच होतं असं नाही बरं का. २०१६ मध्ये एका कौटुंबिक प्रसंगावरून दोघींत दुरावा आला आणि बँड थांबला. २०१९ मध्ये त्या पुन्हा एका रंगमंचावर उभ्या राहिल्या. २०२४ मध्ये अ‍ॅनला कॅन्सरचे उपचार घ्यावे लागले, दौरा पुढे ढकलावा लागला, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा गायला आली. तेव्हा तिचं वय चौऱ्याहत्तर होतं.

आता त्या पत्रलेखक ताईंना.

ताई, मुलीचं गाणं बंद करू नका. गुन्हा फोटो पाठवणाऱ्याचा आहे, आणि शिक्षा मात्र तिला होते. आधी ते संदेश जसेच्या तसे मोबाइलवर जपून ठेवा, रागाच्या भरात पुसून टाकू नका. मुलीला विचारून, तिला बरोबर घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार करा, आणि कॉलेजच्या प्राचार्यांनाही लेखी कळवा. वडील मंडळींना एकच विचारा, चोरी झाली म्हणून आपण घर विकतो का? आणि मग एका रविवारी दुपारी मुलीजवळ बसून 'बॅराकुडा' ऐका. शब्द कळले नाहीत तर तिला विचारा. मुलीला आईने प्रश्न विचारलेले आवडतात, फक्त ते उलटतपासणीसारखे नकोत. त्या गाण्यामागची हकीकतही तिला सांगा. ती आपणहून बोलू लागेल असं मला वाटतं. नाही बोलली तरी चालेल, तुम्ही शेजारी बसला होतात एवढं तिच्या लक्षात राहील.

ज्यांना क्रमाने ऐकायचं आहे त्यांनी आधी 'ड्रीमबोट अ‍ॅनी' घ्यावी, मग 'लिटल क्वीन', मग 'डॉग अँड बटरफ्लाय'. त्यानंतर १९८५ ची 'हार्ट' ऐकावी, म्हणजे फरक आपोआप कानाला कळेल. गाणं आधी एकदा कामं करता करता ऐकावं आणि दुसऱ्यांदा हातातलं काम ठेवून. कुकरच्या शिट्टीशी स्पर्धा नको!

जाता जाता : पूर्वीसारख्या मोठ्या तबकड्या आता पुन्हा निघू लागल्या आहेत. कुणाकडे जुन्या असतील तर त्या आडव्या रचू नका, वजनाने वाकतात. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हापासून आणि ओट्याच्या उष्णतेपासून दूर असू द्या. हाताळताना फक्त कडेला आणि मधल्या कागदाला धरा. बोटांचं तेल खाचांत गेलं की धूळ चिकटते आणि मग आवाज खरखरतो. मऊ, कोरड्या फडक्याने गोलाकार पुसा, आडवं नको.

आणि त्या मुलीने पुन्हा गायला सुरुवात केली की मला जरूर कळवा. वाट पाहते आहे.